विहीणबाईंची सोंगटी

खर्ड्यात लीनाताईंकडे ब्लाऊज शिवायला टाकला की तो सांगितलेल्या दिवशी मिळतो, आणि बिघडला तर बिघाड त्या स्वतःच्या अंगावर घेतात. माप देताना बाई हलत असेल, कापडच आखूड आणलेलं असेल, तरी "माझंच लक्ष नव्हतं हो," म्हणून त्या उसवायला बसतात. बायकांना ते माहीत झालंय. काही जणी तर अंगानं सुटल्यावर मुद्दाम जुना ब्लाऊज घेऊन येतात आणि "ताई, तुमचा घट्ट झाला बरं का," म्हणतात. लीनाताई हसून शिवण सैल करून देतात.

त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव साखर कारखान्यात कारकून होते. आता निवृत्त आहेत, गावात पूजा सांगतात, सत्यनारायण, वास्तुशांत वगैरे. ते कधी कधी म्हणतात, "अगं, एखाद्या दिवशी नाही म्हणून बघ. काही होत नाही." त्यावरही लीनाताई "हो, बघते," असंच म्हणतात.

पण त्या जन्मापासून अशा नव्हत्या. त्यांचं माहेर मिरजगावचं. घरासमोर मारुतीचं देऊळ, आणि देवळाच्या ओट्यावर कुणी तरी फार पूर्वी छिन्नीनं कोरलेला सोळाचा पट होता. मधे रेघारेघांचा मोठा चौकोन, दोन टोकांना दोन त्रिकोण. दोन्हीकडच्या सोळा सोळा सोंगट्या. समोरच्याच्या सोंगटीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या जागेवर उतरलं की ती सोंगटी मेली. दुपारी मोठी माणसं पेंगली की पोरं तिथं जमायची. एका बाजूला चिंचोके, एका बाजूला खडे. लीनासमोर बसायला पोरं टाळाटाळ करायची. तिचे वडील म्हणायचे, "आमची पोरगी एकदा मारायला लागली की पाणी प्यायलासुद्धा थांबत नाही."

लग्न होऊन खर्ड्याला आल्या, त्या पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी पट मांडला. त्यांनाही खेळाची हौस. लीनाताईंनी त्यांना लागोपाठ तीन डाव हरवलं आणि आनंदानं टाळी वाजवली. सासूबाई उठल्या, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "लेकीला स्वयंपाक न्हाई शिकवला, पण सासूला हरवायला बरं शिकवून धाडलंय." लीनाताईंनी त्या दिवशी चिंचोके चुलीत टाकले. त्यानंतर त्या कुणाशीच खेळल्या नाहीत. खेळल्या नाहीत म्हणजे फक्त सोळा नव्हे, काहीच नाही. रांगेत मागं सरकायचं, ताटात पोळी कमी पडली तर भूक नव्हती म्हणायचं, आणि संध्याकाळी देवापाशी दिवा लावून सगळ्यांचं बरं मागायचं, अशी त्यांची वर्षं गेली.

त्यांची एकुलती मुलगी रुचा. तिचं लग्न दोन वर्षांपूर्वी राजूरच्या वरदशी झालं. राजूर म्हणजे पार जिल्ह्याचं दुसरं टोक, भंडारदऱ्याच्या अलीकडचं. दोघं नोकरीला पुण्यात. वरदचे वडील लग्नाच्या आधीच गेलेले. राजूरच्या घरी त्याची आई एकटी. मंदाकिनीबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. लग्नात त्यांनी आचाऱ्याला बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मठ्ठा पातळ आहे. पुढच्या पंगतीला सुधारा." आचाऱ्यानं सुधारला. तेव्हापासून लीनाताईंना त्यांची धास्तीच बसली होती. सणावाराला फोन व्हायचा. कशा आहात, बऱ्या आहोत, पाऊस आहे का, आहे, आणि संपलं.

यंदा रुचाला दिवस गेले आणि त्याच सुमाराला मंदाकिनीबाई अंगणात घसरून पडल्या. पाय मोडला, प्लास्टर झालं. समाचाराला लीनाताईंनी फोन केला, तर पायाचं दोन वाक्यांत आटपून मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आणि हो, रुचाचं बाळंतपण आपण संगमनेरला करू. डॉक्टरीण माझी विद्यार्थिनी आहे. मी बोलून ठेवलंय."

"हो का? चांगलंच की," असं लीनाताईंच्या तोंडून निघून गेलं.

फोन ठेवला आणि त्या शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठेवून नुसत्याच बसून राहिल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांनी कधी कुणाशी बोलून ठरवलं नव्हतं. ते ठरलेलंच आहे असं त्या धरून चालल्या होत्या. मऊ झालेल्या सुती साड्या त्यांनी दुपट्यांसाठी केव्हापासून बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या यज्ञेश्वररावांना म्हणाल्या, "तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"व्याही असते तर बोललो असतो. विहिणीशी विहिणीनंच बोलावं."

रुचाला विचारलं तर ती म्हणाली, "मला दोन्हीकडे चालेल. तुम्ही दोघी ठरवा, पण मला मधे उभं करू नका. आणि आई, एक काम कर. त्या दिवसभर पाय खुर्चीवर ठेवून बसतात आणि मला फोन करत राहतात. मी ऑफिसात काय सांगू? तू त्यांच्याशी खेळ."

"मी? काय खेळू?"

"सोळा. फोनवर आहे तो. चेकर्सचं एक ॲप आहे, त्यात देशोदेशीचे प्रकार आहेत, त्यात खाली आपलाही आहे. त्यांना येतो, तुला येतो."

"आणि मी जिंकले तर?"

"तर जिंकशील! आई, काय गं हे."

"तुला नांदायचंय तिथं."

"मी पुण्यात नांदते. आणि त्या काय सासू आहेत का? त्या हेडमास्तर आहेत."

रुचा हसली, पण लीनाताईंनी मनाशी वेगळाच हिशेब मांडला. विहीणबाईंशी खेळायचं, त्यांना जिंकू द्यायचं. त्या खूश झाल्या की हळूच विषय काढायचा. म्हणायचं, पहिलटकरीण आहे, माझ्याकडे पाठवा. मुलीकडच्यांनी असंच मागायचं असतं, समोरच्याचा चेहरा बघून.

दुपारचं जेवण आवरलं की खेळ सुरू व्हायचा. मुद्दाम हरणं सोपं नसतं, हे लीनाताईंना पहिल्याच दिवशी कळलं. मारायची सोंगटी समोर लख्ख दिसत असायची आणि बोट आपसूक तिकडे जायचं. त्याला आवरून भलतीच सोंगटी पुढं सरकवायची. शिवाय फार लवकर हरलं तर संशय येणार, म्हणून अधूनमधून एखादी मारायची, आणि ती मारताना मनात विहीणबाईंची माफी मागायची. एकदा तर हातून डाव जिंकत आला, तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. देवा, आज हरव रे बाबा.

समोर फॉल लावायला साडी घेऊन आलेल्या भिमाबाई बसल्या होत्या. त्यांनी मान लांब करून फोनात पाहिलं. भिमाबाईंना हा खेळ तोंडपाठ.

"आवं ताई, ती मरतीय की! मारा ना!"

"असू दे हो."

"असू दे काय? तिकडं बी हाय, ह्या बाजूला. डोळं हायती का काय?"

"विहीणबाई आहेत समोर."

"मंग?" भिमाबाईंना त्यात अडचण कळेना. "माजी इहीन असती तर पार घरदार उचलून आनलं असतं. मागल्या सालापासनं माजी कढई दाबून बसलीय ती."

लीनाताई हसल्या आणि हरल्या.

डाव संपला की मंदाकिनीबाईंचा फोन यायचा. "लीनाताई, आज पुन्हा सोडलीत. माझी सोंगटी तुमच्या नाकासमोर होती."

"अगंबाई, हो का? दिसलीच नाही बघा."

"चष्म्याचा नंबर तपासून घ्या. आणि आमच्या राजूरला नियम माहितीय का काय आहे? मारायची असून मारली नाही, तर समोरचा तुमची ती सोंगटी उचलून टाकतो. शिक्षा! म्हणजे पुन्हा विसरत नाही माणूस. ह्या फोनमध्ये तसं काहीच होत नाही. ह्याचे नियम कुठं लिहिलेत?"

नियम लिहिलेले होते आणि नव्हते. रुचानं ते पान उघडून दाखवलं होतं. उडी मारा, समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या मारा, जिंका. पण मारणं भाग आहे की आपली मर्जी, एक मारल्यावर त्याच पाळीत दुसरी मारता येते का, मागं उडी चालते का, ह्यातलं एक अक्षर नाही. शेवटी फक्त 'स्थानिक पद्धतीनुसार'. आता मिरजगावला मर्जी, राजूरला सक्ती. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली. त्या ॲपवाल्याला कुठलं स्थानिक हवं होतं कोण जाणे.

चार-सहा दिवसांनी मंदाकिनीबाईंनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. कागदावर पट्टीनं आखलेला पट, लाल-निळ्या सोंगट्या, बाणाच्या खुणा, आणि वर सुवाच्य अक्षरात 'धडा पहिला: मारायची सोंगटी कशी ओळखावी'.

लीनाताईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. धड्यात दाखवलेली खेळी त्या फ्रॉकात असताना खेळायच्या. पण त्यांनी उत्तर लिहिलं, 'फार छान समजावलंत. आता लक्षात ठेवीन.' मग दुसरा धडा आला. तिसरा आला. मंदाकिनीबाईंचा आवाज दिवसेंदिवस मोकळा होत चालला. पायाची तक्रार बंद झाली. त्या म्हणायच्या, "कच्चा विद्यार्थी मिळाला की मला बरं वाटतं. हुशारांना काय, कुणीही शिकवतं."

रुचा खूश. "आई, काय जादू केलीस? त्या आता मला फोनच करत नाहीत."

विषय काढायची वेळ आली असं लीनाताईंना वाटू लागलं होतं. दोनदा त्यांनी "विहीणबाई, एक बोलायचं होतं," म्हणून सुरुवातही केली. दोन्ही वेळा पलीकडून "आधी कालच्या धड्याचं सांगा" आलं, आणि त्या धड्याचं सांगत बसल्या.

मग एका रविवारी वरद राजूरला गेला. आईनं त्याच्यापुढं फोन धरला. "ह्यांना मारायचं लक्षातच राहत नाही रे. काही शिक्षा नाही का ह्यात?" वरदनं इकडे तिकडे दाबून पाहिलं, तेव्हा एका कोपऱ्यात त्याला खूण सापडली. ती लावली की मारणं सक्तीचं. उचलायची शिक्षा नव्हती, पण मारल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. त्यानं खूण लावली आणि पुण्याला निघून गेला. खर्ड्याला कुणी कळवलं नाही.

सोमवारी दुपारी लीनाताई नेहमीसारख्या बसल्या. थोड्या खेळ्या झाल्या आणि मंदाकिनीबाईंची एक सोंगटी तावडीत आली. लीनाताईंनी ती सोडून भलतीकडची सरकवायला बोट लावलं. सरकेना. दुसरी सरकवून पाहिली. तीही नाही. एकच सोंगटी पिवळी होऊन लुकलुकत होती, आणि ती म्हणजे मारायचीच.

"अहो, हा फोन ऐकत नाहीये बघा!"

यज्ञेश्वरराव आतून म्हणाले, "बंद करून चालू कर."

बंद करून चालू केला. तीच सोंगटी लुकलुकते आहे. लीनाताईंनी फोन मशीनच्या फळीवर ठेवला आणि हात पदरात घेतले. म्हटलं, नाहीच खेळत, बघू काय करतो. वर वेळेचा आकडा कमी होत होत शून्यावर आला, आणि फोननं आपणहून उडी मारली. एक सोंगटी. तिथून दुसरी. तिथून तिसरी. प्रत्येक उडीला टाळ्यांचा आवाज.

"अरे देवा," लीनाताई म्हणाल्या.

पुढं जे झालं त्याला त्यांचा इलाज नव्हता. मंदाकिनीबाई आपल्या मारलेल्याचा वचपा काढायला पुढं सरकत होत्या, आणि इतक्या दिवसांत समोरून कधी मार आलाच नसल्यामुळे बेफिकीर सरकत होत्या. त्यांची प्रत्येक खेळी लीनाताईंच्या तोंडाशी येत होती आणि फोन मारायला लावत होता. बघता बघता पट रिकामा झाला. स्क्रीनवर सोनेरी कप उगवला.

लीनाताईंना श्रावणातली ती दुपार आठवली. त्यांनी घाईघाईनं निरोप लिहिला: 'विहीणबाई, माफ करा. फोननं बळजबरीनं मारायला लावलं. मी मारणार नव्हते.'

लगेच फोन वाजला.

"लीनाताई, 'मारणार नव्हते' म्हणजे काय?"

"म्हणजे... चुकून झालं हो."

"चुकून मारलंत. म्हणजे आधी सोडत होतात त्या चुकून नव्हत्या?"

लीनाताईंना खोटं बोलायला सुचलं असतं, पण धडे डोळ्यांपुढं आले.

"दिसत होत्या तुम्हाला सगळ्या?"

"...हो."

"आणि मी पट्टी घेऊन आखत बसले होते." पलीकडे कागद चुरगळल्याचा आवाज आला. मग मंदाकिनीबाई म्हणाल्या, "वर्गात पोरं घाबरून 'समजलं बाई' म्हणायची ना, ते मला तोंडावरून कळायचं. फोनवर तोंड दिसत नाही. ठेवते मी."

त्यानंतर खेळ बंद. दुसऱ्या दिवशी लीनाताईंनी डाव मांडून बोलावणं पाठवलं, उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशी रुचाचा आला, तो रागातच.

"आई, तू काय केलंस? त्या म्हणतात, आईला सांग माझी करमणूक करायची गरज नाही. आणि डॉक्टरणीकडे संगमनेरला नाव नोंदवायचं म्हणतायत, ह्याच आठवड्यात."

"मी मान दिला गं त्यांना."

"मान! त्यांना खेळायला माणूस हवं होतं. गावात सगळे त्यांना मानच देतात. बाई बाई करतात आणि लांबून निघून जातात."

हे मात्र लीनाताईंच्या डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावून त्या देवापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. काय मागावं कळेना. हरव म्हणून मागितलं होतं, ते त्यानं इतके दिवस नेमानं दिलं होतं. त्या तशाच उठल्या आणि यज्ञेश्वररावांना म्हणाल्या, "मी राजूरला जाते."

"मी येऊ?"

"नको. तुम्ही इथलं बघा."

यज्ञेश्वररावांनी चष्म्यावरून पाहिलं. बायकोच्या तोंडून 'नको' इतकं सरळ त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

सकाळच्या एसटीनं लीनाताई निघाल्या. नगरला गाडी बदलली, संगमनेरला बदलली. अर्ध्या तिकिटामुळे गाडीत बायकाच बायका. शेजारची विचारायची, कुठं निघालात, त्या सांगायच्या, विहिणीकडे. "काय कार्य?" "भांडण." आणि आपल्याच उत्तराचं त्यांना हसू यायचं. अकोले सोडल्यावर भाताची खाचरं लागली, हवेत गारवा आला. उन्हं उतरता उतरता त्या राजूरच्या दारात उभ्या राहिल्या.

कामाच्या बाईनं दार उघडलं. मंदाकिनीबाई आरामखुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर.

"तुम्ही? कळवलं नाहीत."

"कळवलं असतं तर नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते." मंदाकिनीबाईंनी बसा म्हणून हात केला. "चहा टाक गं. साखर कमी."

लीनाताईंनी पिशवीतून घडी काढून पुढं ठेवली. सुती गाऊन होता. एका बाजूनं कमरेपर्यंत उघडा, त्याला नाड्या लावलेल्या, प्लास्टरचा पाय आरामात आत जावा म्हणून.

मंदाकिनीबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "माप कुठून घेतलंत?"

"लग्नात. नजरेनंच."

"ही लाच आहे का?"

"नाही, हा गाऊन आहे."

मंदाकिनीबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी खणातून खडू काढला आणि समोरच्या लाकडी टेबलावर ठेवला. "पट आखा. येतो का बघू."

लीनाताईंनी खडू उचलला आणि हात फारसा न थांबवता पट आखून टाकला. चौकोन, आडव्या उभ्या तिरक्या रेघा, दोन टोकांचे त्रिकोण. मंदाकिनीबाई बघत राहिल्या.

"हं. धडा पहिला."

"तुम्ही रागवा मला. पण खेळा."

"रागावण्याचं खेळून झाल्यावर बघू." त्यांनी स्वयंपाकघरातून वाल आणि हरभरे मागवले. वाल त्यांनी घेतले, हरभरे लीनाताईंना दिले.

पहिल्या काही खेळ्या झाल्या. चहा आला, निवला. मग मंदाकिनीबाईंचा एक वाल सरळ लीनाताईंच्या हरभऱ्यासमोर येऊन बसला, त्याच्या पाठीमागची जागा रिकामी. लीनाताईंनी पट न्याहाळला आणि दुसरीकडचा हरभरा सरकवला.

मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. मग हात पुढं करून, ज्यानं मारायचं होतं तो हरभरा उचलला आणि बशीत टाकला. "पुन्हा तेच. सुधारणार नाही तुम्ही."

"ठेवा तो."

"काय?"

"ठेवा तो परत. वाल मी मुद्दाम सोडला."

"तेच म्हणतेय मी! मुद्दाम!"

"तुमच्यासाठी नाही सोडला," लीनाताई म्हणाल्या. आवाज चढला हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी तो खाली आणला नाही. "तो वाल मी मारला असता तर माझा हरभरा इथं उतरला असता. मग तुमचा हा ह्याच्यावरून, मग ह्याच्यावरून, मग ह्याच्यावरून. माझे तीन गेले असते. तुम्ही वाल उगाच आणून ठेवला का तिथं? मला ओढायला ठेवलात."

मंदाकिनीबाई टेबलावर वाकल्या. बोटानं एक एक उडी मोजली. "हे तुम्हाला दिसलं?"

"दिसणारच."

"आणि फोनवर सोडलेल्या?"

"त्या तुमच्यासाठी. हा माझ्यासाठी."

मंदाकिनीबाईंनी बशीतला हरभरा घेतला, पण ठेवला नाही, मुठीतच धरला. "आमच्याकडे सक्ती आहे. मारायची म्हणजे मारायची. त्याशिवाय माझ्या ह्या वालाला अर्थच नाही."

"आमच्याकडे मर्जी आहे. तुम्ही कितीही गळ टाका, गिळायचा की नाही ते आम्ही ठरवायचं."

"घर माझं आहे."

"मी तीन गाड्या करून आलेय."

"नियम गाड्यांवर ठरत नाहीत, लीनाताई."

"मग घरावर कसे ठरतात?"

कामाची बाई दारातून डोकावून गेली. मंदाकिनीबाई लीनाताईंकडे पाहत होत्या, नव्या विद्यार्थ्याकडे पाहतात तशा. त्यांनी हरभरा मूळ जागी ठेवला. "बरं. हा डाव तुमच्या पद्धतीनं, पुढचा माझ्या. आणखी काही आहे का मनात? एकदाच सांगून टाका. दोनदा फोनवर 'एक बोलायचं होतं' म्हणून गप्प झाला होतात."

लीनाताईंनी समोरच्याचा चेहरा बघून विषय काढायचा असं ठरवलं होतं, आणि चेहरा तर चांगलाच कडक होता.

"रुचाचं बाळंतपण खर्ड्याला होणार," त्या म्हणाल्या. "म्हणजे, मला माझ्याकडे करायचंय."

"मग त्या दिवशी 'चांगलंच की' का म्हणालात?"

"सवय."

"वाईट सवय आहे. मी डॉक्टरणीला शब्द देऊन बसले." मंदाकिनीबाईंनी एक वाल सरकवला. "माझं उत्तर नाही असं आहे. खर्ड्यात काय सोय? रात्रीबेरात्री काही झालं तर?"

"जामखेडला चांगली बाई डॉक्टर आहे. आणि लागलंच तर बार्शी तासाभरावर आहे, तिथं मोठी हॉस्पिटलं आहेत. आमच्याकडचे सगळे तिथंच जातात. गाडीवाला आमच्या आळीतच राहतो, त्याला आत्ताच सांगून ठेवलंय." लीनाताईंनी हरभरा सरकवला. "तुमच्या डॉक्टरणीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पाय प्लास्टरमध्ये घेऊन तुम्ही ओल्या बाळंतिणीचं कसं करणार? अंघोळ कोण घालणार, शेक कोण देणार? पगारी बाई?"

"तोपर्यंत प्लास्टर निघेल."

"निघेल, पण काठी लागेल. मला नाही लागत."

मंदाकिनीबाईंनी आपला पाय पाहिला, मग पट पाहिला. बाहेर शेजारच्या घरात कुणी आरती म्हणत होतं. लीनाताईंचे हात सवयीनं जोडले गेले आणि पुन्हा टेबलावर आले.

"प्रवास सातव्याच्या आत करायचा," मंदाकिनीबाई शेवटी म्हणाल्या. "गाडीनं, एसटीनं नाही. आणि संगमनेरला एकदा दाखवून मगच."

"दाखवू की. तुमच्याच डॉक्टरणीला दाखवू."

"आणि बारशाला मी येणार. नुसतं जेवून परतणार नाही. महिनाभर राहणार. नातवंड मलाही बघायचंय."

महिनाभर. लीनाताईंच्या डोळ्यांपुढं खर्ड्याचं घर आलं. दोन खोल्या, मशीन, बाळंतीण, आणि मठ्ठा पातळ आहे म्हणणाऱ्या विहीणबाई. महिन्यापूर्वी त्या म्हणाल्या असत्या, या की, घर तुमचंच आहे.

"महिना नाही," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस."

मंदाकिनीबाईंच्या भुवया वर गेल्या. "विहिणीला दिवस मोजून देता?"

"पंधरा दिवस तुमच्यापुढं मी नीट वागेन. पुढं माझं काही सांगता येत नाही."

आता मात्र मंदाकिनीबाई मोठ्यानं हसल्या. पाय हलला, कळ आली, तशाही हसत राहिल्या. "वीस," त्या डोळे पुसत म्हणाल्या आणि बोलण्याच्या भरात एक वाल पुढं ढकलला.

लीनाताईंनी त्या वालाकडे पाहिलं. गळ होता का ते आधी नीट तपासलं. नव्हता. त्यांनी हरभरा उचलला, एका वालावरून, मग त्याच्या पलीकडच्या दुसऱ्यावरून नेला, आणि दोन्ही वाल आपल्या बाजूला ओढून घेतले.

"पंधरा," त्या म्हणाल्या. "खेळा. तुमची पाळी आहे."